देवळीतला फुटबॉल

मित्रांनो, औरादच्या तेलगिरणीत इंजिनामागच्या भिंतीत एक देवळी आहे. तिच्यात हळदकुंकवाने माखलेला, सुरकुतलेला गोळा दिसतो. नवखी माणसं त्याला देव समजून हात जोडतात. पण मी देव नाही. मी एक जुना फुटबॉल आहे.

निजामाची राजवट नुकतीच संपली होती, तेव्हा बीदरच्या तुळजाराम मोच्याने मला शिवलं. शिवून घेणारा माणूस गोरा होता आणि एका पायाने लंगडा. त्याचं नाव आंतोनियो. औरादकरांनी त्याचा तोनप्पा केला. इटली देशात तो नावाजलेला खेळाडू होता. पुढच्या फळीत खेळायचा, गोलावर गोल करायचा. मग महायुद्ध आलं. आफ्रिकेच्या वाळवंटात गुडघ्यात गोळी लागली आणि इंग्रजांचा कैदी होऊन तो हिंदुस्थानात आला. सुटका झाली तेव्हा कळलं, बॉम्ब पडून त्याचं घर माणसांसकट गेलं होतं. आता जायचं कुणाकडे? इंजिनं दुरुस्त करत तो हावगेप्पांच्या या गिरणीत येऊन राहिला.

मला काखेत घेऊन तो आला, तेव्हा हावगेप्पा उंबऱ्यातच आडवे आले.

"तोनप्पा, हे कातडं आत कामून आणायलास? आमच्यात चालत न्हाई."

"मालिक, ये बाहर रहेगा," तोनप्पा हसून म्हणाला.

मी बाहेर लिंबाला लटकलो. पण मला चोळायला करडईचं तेल हावगेप्पांनीच दिलं, वाटी भरून.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानावर तोनप्पा पोरांना शिकवायचा. हावगेप्पांचा मुलगा अमृतप्पा सगळ्यांत चपळ. पण मी त्याच्या पायात आलो की तो मला सोडायचाच नाही.

"छोड! धरून ठेवू नको, पुढे दे!" तोनप्पा काठी आपटत ओरडायचा.

"आरं अमृत्या, चेंडू हाय का सासऱ्यानं दिलेली अंगठी?" मेंढरं राखणारा नागप्पा चिडवायचा.

बीदरच्या सामन्याला तोनप्पा तापाने फणफणला होता, तरी सरकीच्या लॉरीत बसून आला. खेळ संपत आला होता आणि अमृतप्पा गोलासमोर एकटा होता. पण त्याने मला नागप्पाकडे दिलं आणि नागप्पाने थेट गोलात धाडलं. तोनप्पा काठी टाकून लहान मुलासारखा रडला. परतताना त्याने मला अमृतप्पाच्या मांडीवर ठेवलं. "मैं तो चला. ये रुकना नहीं," एवढंच म्हणाला.

दसऱ्याआधीच त्या तापाने तो गेला.

खांडेनवमीला गिरणीतली सगळी हत्यारं पूजेला मांडली: पाना, हातोडा, तेलाची बुधली. त्यांच्याशेजारी हावगेप्पांनी स्वतःच्या हाताने मलाही बसवलं. ज्यांनी मला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांनीच कुंकू लावलं. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी पाना उतरला, हातोडा कामाला लागला. मीही वाट पाहत होतो.

"अप्पा, चेंडू घेतो. पोरं थांबल्यात," अमृतप्पा म्हणाला.

"येडा झालास का? कुंकू लावलेल्याला पायानं मारतो व्हय? तोनप्पाची तेवढीच आठवण हाय."

"पर अप्पा, त्यो पायानंच शिकवायचा की."

हावगेप्पांचे डोळे भरून आले. ते पाहून अमृतप्पाने हात मागे घेतला.

मग हावगेप्पांनी मला या देवळीत ठेवलं आणि मी इथेच राहिलो. शांतम्मा, अमृतप्पाची आई, रोज मला फूल वाहायची. मैदानावरचे आवाज कमी होत गेले. नागप्पा कामाच्या शोधात उदगीरला गेला. एके दिवशी संध्याकाळ झाली आणि बाहेरून एकही हाक आली नाही. तेल न मिळाल्याने माझं कातडं वाळलं, आतलं रबर चिकटलं.

औराद म्हैसूर राज्यात गेलं, त्या वर्षीच्या दसऱ्याला थकलेल्या हावगेप्पांनी मला खाली उतरवलं आणि धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं. "घे रे अमृत, खेळा. मैदान ओस पडलं, चुकलंच माझं," ते म्हणाले. अमृतप्पाने पंपाने हवा भरली. मी फुगू पाहिलं, मित्रांनो, अगदी जीव तोडून. पण शिवण उसवली, कातडं तडकलं आणि हवा सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली.

हावगेप्पा खाली बसले आणि मला करडईचं तेल चोळू लागले. "आता मऊ पडंल बघ. आता पडंल." तेल मातीत ओघळत होतं.

"अप्पा, ऱ्हाऊ द्या," अमृतप्पा हळूच म्हणाला.

मी पुन्हा देवळीत आलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची आठवण म्हणून काही उंचावर ठेवलेलं असेल. ते खाली घ्या. वाद्य असेल तर वाजवा, कुदळ असेल तर रानात न्या. झिजू द्या, मळू द्या. गेलेला माणूस त्या झिजण्यातच आपल्यापाशी राहतो. मला फुलं पुष्कळ मिळाली. मला फक्त कुणीतरी पुढे द्यायला हवं होतं.