थोरल्या साडूचं टेबल

थोरल्या साडूने स्वतःच्या हाताने टेबल केलं आणि धाकट्याच्या पोटात दुखायला लागलं.

तसा थोरला, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, माणूस वाईट नव्हता. तेच तर दुखणं होतं. वाईट असता तर निदान नावं ठेवता आली असती. बायको त्या टेबलावरून हात फिरवून आली, तेव्हापासून तिच्या तोंडी भाऊजींशिवाय विषय नाही. "अस्सल कठीण लाकूड, अहो! आणि गुळगुळीत तरी किती!" इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या कुठल्या गोष्टीवरून तिने असा हात फिरवला होता, ते धाकट्याला आठवेना.

शेवटी त्यानेही लाकूड आणलं. आयुष्यात कधी रंधा धरला नव्हता, पण चार पाय, एक चौकट, वर फळा, त्यात काय मोठं? थोरल्याला कळलं तेव्हा तो आपणहून म्हणाला, "साडूभाऊ, फळा बसवायच्या आधी एकदा या. एक गंमत दाखवतो."

"बघू," धाकटा म्हणाला. शिकवणी लावायची, आणि तीही याच्याकडे!

गेला तो जेवायला. जेवताना मुद्दाम चमचा पाडला आणि टेबलाखाली शिरला. बघतो तर काय, फळ्याला गोंदाचा थेंब नाही, नुसते स्क्रू. आणि स्क्रूची भोकं गोल नाहीत, चांगली लांबट! नेम चुकला असणार, मग भोक ओढत नेलं लेकाने. धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सापडला का चमचा?" वरून बायकोने विचारलं.

"सापडला!" तो असा ओरडला, की सगळे जेवायचे थांबले.

घरी येऊन त्याने चौकटीवर सढळ हाताने गोंद ओतला, भोकं नेमकी गोल पाडली आणि मनगट दुखेपर्यंत स्क्रू आवळले. हवा दमट होती, गोंद वाळायला वेळ लागला, पण टेबल असं पक्कं झालं की वर नाचलं तरी हलू नये. बायकोने हात फिरवला. "छान झालंय हो," म्हणाली. एवढ्यावर तो कित्येक दिवस तरंगत होता.

मग हवा कोरडी पडली. थोरला आणि मेहुणी जेवायला आले होते. आमटी वाढता वाढता कडाड् आवाज झाला आणि फळा मधोमध तडकला. थोरल्याने वाकून खाली नजर टाकली. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा हसणार.

"लाकूडच दगाबाज निघालं," थोरला म्हणाला. "तुमचा काय दोष? माझंही तडकेल उद्या."

पाहुणे गेल्यावर बायकोने तड्यावरून बोट फिरवलं. "त्यांचं नाही हो तडकायचं. हवेबरोबर लाकूड फुगतं, आकसतं. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून त्यांनी भोकं लांबट ठेवलीत. मला दाखवली होती. तुम्ही सगळं चिकटवून टाकलंत."

धाकट्याने वाकून आपली गोल भोकं एकदा पाहून घेतली.

"आणि तुमची लाज राखायला चक्क खोटं बोलले बिचारे. किती चांगले आहेत ना भाऊजी!"

तडा धाकट्याने सोसला असता. निदान हसायचं तरी होतं मेल्याने!