शिकारी ओरडत नाही

चंचल दुसरीत गेली तरी तिला खेकडा धरता येत नाही, ही गोष्ट धुडकूआबाला वर्षभर खुपत होती. नातीला पाढे येत होते, गुजराती कविता येत होत्या, सिंह हरणाला कसा लोळवतो ते मोबाइलवर बघून ती हावभावासकट सांगायची. पण चिखलात पाय घाल म्हटलं, की चप्पल कुठं ठेवू विचारायची. याला काय शिक्षण म्हणायचं? धुडकूआबा सहा वर्षांचा असताना अमळनेरकडे शेताच्या बांधावर बिळात हात घालून खेकडे काढत होता. पुढं सुरतेला आला, चौतीस वर्षं कापडाच्या लूमवर उभा राहिला, कान अर्धे गेले, पण बिळातला हात काही तो विसरला नाही.

सुरतेतल्या कोसाडच्या घरात यावर आठवडाभर चर्चा झाली. लूमवाल्यांच्या घरात चर्चा म्हणजे एवढा आवाज, की शेजारी दार लावून घेतात. शेवटी मुलगा गोपाल म्हणाला, "न्या. भादव्याचे सगळे रविवार न्या. पण आबा, एकदा जरी काही झालं, की बंद." सून वर्षानं साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता मान हलवली, आणि पिशवीत बिस्किटं, टोपी, टॉवेल आणि हात धुवायची बाटली भरली. शिकारीला निघालेल्या माणसाच्या खांद्याला ती पिशवी बरी दिसेना, पण त्यानं घेतली.

एक गोष्ट मात्र त्यानं चर्चेत आणली नव्हती. त्याची बोटं मेली होती. लूमवर तुटलेला धागा त्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. शुगर लागली आणि गेल्या वर्षापासून दोन्ही हातांची बोटं अशी बधिर झाली, की शर्टाची गुंडी लागली का ते आरशात बघावं लागे. हे गोपालला कळलं असतं तर त्यानं फाइल करून आबाला दवाखान्याच्या रांगेत बसवलं असतं, आणि नातीला बरोबर द्यायचं नाव काढलं नसतं. आबाचा हिशेब साधा होता. विद्या आपल्या हातातून जायच्या आधी पोरीच्या हातात गेली पाहिजे. तोवर तोंड बंद.

कामरेजच्या पुढं, हायवेपासून अर्ध्या कोसावर, मगनभाईचं भाताचं शेत होतं. मगनभाईला खेकड्यांचा तसाही वैताग, बांध पोखरतात म्हणून. त्यानं लांबूनच हात केला. चंचलनं चपला काढून बांधावर शेजारी शेजारी नीट मांडल्या.

"देख," आबा म्हणाला. "तोंडाशी वल्ला चिखल, गोळ्या गोळ्या, म्हंजे खेकडा घरमा शे. तोंड कोरडं, गुळगुळीत, तठे हात टाकानाच नही. तठे दुसराच कोणी ऱ्हास."

"कोण?"

"साप."

"मग त्याले कशी कळस, हाई त्यानं घर नही म्हनीसन?"

आबानं यावर विचार केला आणि पुढचा धडा घेतला. हात तळाला घासत न्यायचा. कडक पाठ लागली की वरून दाबायची, आणि मागून धरायचं. नांग्या पुढं असतात, मागं काही करता येत नाही त्याला. हे सांगत सांगत त्यानं बाही सारली, बांधावर आडवा झाला आणि हात कोपरापर्यंत आत घातला. घातला खरा, पण आत काय आहे ते त्याला समजेचना. चिखल, पाणी, पाठ, सगळं सारखंच. तरी बोलणं थांबवलं नाही. "आते पाठ लागनी," तो म्हणाला, कारण एव्हाना लागायला हवी होती.

त्यानं हात बाहेर काढला आणि उभा राहून तोच हात हलवत पुढचं समजावू लागला.

"आबा," चंचल म्हणाली, "तो तुले चावी राहिना."

आबानं पाहिलं. मूठभर आकाराचा काळा खेकडा त्याच्या मधल्या बोटाला लोंबकळत होता. रक्ताची धार मनगटाकडं निघाली होती.

"हां," आबा म्हणाला. "माहीत शे माले."

"तुले दुखस नही?"

त्या पोरीनं जन्मात कधी त्याच्याकडं असं पाहिलं नव्हतं. घरात तो मोठ्यानं टीव्ही लावणारा, चहात साखर चोरणारा म्हातारा होता. आता ती तोंड उघडं टाकून बघत होती. आबाला ते आवडलं, फार आवडलं, लपवण्यात काय अर्थ?

"शिकारी वरडस नही," तो म्हणाला.

खेकडा त्यानं सावकाश पाण्यात धरला. पाणी लागताच त्यानं बोट सोडलं, तसा आबानं मागून उचलून बरोबर आणलेल्या डब्यात टाकला. वर्षाच्या पिशवीत साडीच्या किनारीची पट्टी निघाली, जरीची. ती बोटाला गुंडाळायला तो खाली बसला. बधिर बोटांना गाठ काही बसेना. चौतीस वर्षं लाखो गाठी मारलेला माणूस एका गाठीशी दातांनी झटत होता, आणि वैताग असा आला होता की त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं, की पोर गप्प आहे. चंचल झोपेतसुद्धा गप्प नसायची.

ती दहा हातांवर बांधावर आडवी पडली होती. हात खांद्यापर्यंत बिळात, खालचा ओठ दातांत, डोळ्यांतून पाणी गळून चिखलात पडत होतं. आवाज नाही.

"चावना का?"

तिनं मान हलवली. हो.

"मग वरडनी का नही तू?"

ओठ सोडायला तिला वेळ लागला. "शिकारी वरडस नही."

आबानं तिच्या हाताशेजारून आपला हात आत घातला आणि काढून घेतला. त्या हाताला पोरीची बोटं कुठली, नांगी कुठली, कळणार कसं? मग त्यानं विचार सोडला आणि दोन्ही हातांनी बांधच उकरायला लागला. ढेकळं उडाली, पाणी वाहिलं, मगनभाईच्या एका वाफ्याचं दुसऱ्या वाफ्यात गेलं. मगनभाई काठी घेऊन निघाला, जवळ आला, आणि पाहून तोही उकरायला बसला. हात बाहेर आला. खेकडा लिंबाएवढा होता. बोट निळं पडलं होतं, हललं मात्र. मगनभाईनं खेकडा पाण्यात सोडवला, बोट वाकवून पाहिलं, "हाडकूं तो सारूं छे", हाड शाबूत आहे, म्हणाला आणि बांध बुजवायला फावडं आणायला गेला.

आबा चिखलात तसाच बसला. पोरीचं तोंड पुसावं म्हणून हात उचलला, तर हाताला चिखलच चिखल.

"चंचल, मी खोटं बोलनू. माले लागसच नही. बोटं मेली मनी. तुन्हा आबा काही शूर नही. आते दुखस तर वरड."

चंचल ओरडली नाही. तिनं आधी तपासून पाहिलं. त्याच्या बोटाला चिमटा काढला. "आते?" नाही. नखानं दाबलं. "आते?" नाही. दातांनी चावून बघितलं, दाताच्या खुणा उमटल्या. आबा तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

मग तिनं विचारलं, "रस्तावर मना हात धरस तवय तू सारखा खाले देखस. हात शे का नही, कळस नही म्हनीसन का?"

"हो."

आता मात्र ती रडली, चांगली मोकळ्या गळ्यानं. बांधावरचे बगळे उडाले. आबा तिला गप्प कर म्हणाला नाही.

हायवेला आल्यावर त्यानं चहाच्या टपरीशी थांबून गोपालला फोन लावला. घरी जाऊन सांगायचं म्हटलं, तर वाटेत आपण नरमू आणि पुन्हा काहीबाही जुळवू, हे तो स्वतःला ओळखून होता. लूमवाल्याचा आवाज, टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. पोरीला चावला. माझी चूक. माझ्या बोटांना वर्षभर काही कळत नाही. तुला सांगितलं नव्हतं.

"आबा," गोपाल म्हणाला, "तिला घेऊन रस्ता ओलांडू नका. आहे तिथंच थांबा. मी गाडी घेऊन येतो."

"काय म्हनना पप्पा?"

"थांबा म्हने."

"आनि पुढला रविवार?"

"नही."

चंचलनं ते ऐकून घेतलं. समोरून ट्रक धडधडत जात होते. मग तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि सुजलेलं बोट सांभाळत दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबत निघाली.

"आठे लागस?"

"नही."

तळहात. नाही. मनगट. नाही म्हणता म्हणता आबा थांबला, नीट बघून पुन्हा नाही म्हणाला. चार बोटं वर.

"आठे?"

"जराखं."

आणखी वर, कोपराच्या खाली, तिनं आख्खा पंजा आवळला.

"लागस," आबा म्हणाला. "आठे लागस."

गोपालची मोटरसायकल यायला पाऊण तास लागला. तोवर तिनं हात तिथून काढला नाही.