गोदाबाईंचं पुस्तक कोणत्या भाषेत?

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. अकोल्यात, जठारपेठेतल्या एका फ्लॅटमध्ये, बैठकीच्या कोपऱ्यात मला शोभेसाठी मांडून ठेवलं आहे. शोभा कसली डोंबलाची! माझी फीत वाळली आहे आणि निम्मी बटणं दाबली की वर येत नाहीत.

पण तीस वर्षं मी अचलपूरला कचेरीबाहेर कडुनिंबाखाली इमानानं काम केलं. माझे मालक नत्थुजी. लोक आपलं गाऱ्हाणं वऱ्हाडीत सांगायचे आणि नत्थुजी ते कचेरीच्या मराठीत घालून माझ्यावर खडाखडा उतरवायचे. एखादी बाई म्हणायची, त्यानं मले हाकललं. कागदावर यायचं, सदर इसमाने मज अर्जदारास हुसकावून लावले. मग कागद वाचून दाखवायचा. बाई डोक्यावर पदर घ्यायची, मान हलवायची आणि सही किंवा अंगठा करायची. मध्ये बोलायची रीत नव्हती. मला या कचेरीच्या भाषेचा भारी तोरा होता. वऱ्हाडी लिहायला माझं एकही अक्षर कमी पडलं नसतं, पण ती माझ्यावर कोणी लिहिली नाही, आणि लिहिली असती तर मीच लाजलो असतो.

पुढे कॉम्प्युटर आले, नत्थुजी थकले आणि एक दिवस गेले. त्यांची मुलगी रागिणी अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं आईला, गोदाबाईंना, इकडे आणलं आणि त्यांनी गोणपाटात गुंडाळून मलाही आणलं. बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो.

रागिणीची दोन पुस्तकं इंग्रजीत आली आहेत आणि तिचं नाव झालं आहे. तिसरं आईवर लिहायचं होतं. अचलपूरच्या बाजारात गोदाबाईंनी चाळीस वर्षं शेवंती आणि झेंडू विकला, त्याचं पुस्तक. दिल्लीचे प्रकाशक वाट पाहत होते. गोदाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दिसायला कमी झालं आहे, कान मात्र शाबूत. रागिणीनं साठ पानं लिहिली आणि अडली. सगळं जग वाचेल, जिचं आहे ती सोडून, असं ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली. आई आहे तोवर आईनं हे ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिनं ती पानं मराठीत केली. चांगली, शुद्ध, पुस्तकी मराठी. एका रविवारी दुपारी ती वाचायला बसली. एक अडत्या बाजारात गोदाबाईंची जागा बळकावतो आणि त्या आसवं गिळत रिकाम्या हातानं घरी येतात, असा तो भाग होता. नत्थुजींनीच तिला तसं सांगितलं होतं. पहिल्या ओळीलाच गोदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि ताठ बसल्या. शेवटपर्यंत मान हलवत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "बराबर आहे. कुठी सही करू?"

 पानं तिथंच ठेवून रागिणी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. मला काय वाटलं ते सांगू? माझी मेल्याहून मेल्यासारखी गत झाली. आपलंच आयुष्य अर्जासारखं ऐकून घ्यायला त्या बाईला शिकवलं कोणी? मीच की.

मग रागिणीनं तेच वऱ्हाडीत लिहायला घेतलं, पण ते तिला जड गेलं. शाळेत याच बोलीपायी तिला हसले होते. तिनं इतक्या मेहनतीनं ती जिभेवरून पुसली होती की आता एकेका वाक्याला तासन्तास खोळंबायची. तीन आठवड्यांत चार पानं झाली. तोच भाग. पुन्हा एका दुपारी ती वाचू लागली. गोदाबाई पाय पसरून मेथी निवडत होत्या. अडत्या आला, जागा गेली, आणि रागिणीनं वाचलं, 'मंग माय रडत रडत घरी आली.'

"कोन रडली?" गोदाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "काहून वं, असं काहून लिवलं? मी त्याची टोपली नालीत फेकली होती. साऱ्या बजाराले मनलं, यायले सांगू नका. घरी रडत आली ते सोंग होतं, तुह्या बापासाठी. मी रडली तं हे मले समजवत घरीच बसले, नाईतर गेले असते ना त्याच्यासंग भांडाले."

 रागिणीला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तिनं ती ओळ खोडली. त्या दुपारी चार पानांतली तीन गोदाबाईंनी खोटी ठरवली, आणि पोरीला असं कोणाचंही ऐकून लिहू नये म्हणून वर झापलं.

दिल्लीच्या प्रकाशकांनी, वऱ्हाडीतलं हे पुस्तक आम्हाला छापता येणार नाही, असं कळवलं आहे. रागिणीला दोन दिवस वाईट वाटलं, अजूनही वाटतं. इंग्रजी तिनं सोडलेली नाही, पुढचं पुस्तक त्याच भाषेत लिहीन म्हणते. हे मात्र नाही, हे वऱ्हाडीतच.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, उपकार होतील. नाही घातलंत तरी चालेल. पण आपल्या माणसाबद्दल कधी लिहायला बसलात, तर त्याला तुमच्याशी भांडता येईल अशा भाषेत लिहा. मी तीस वर्षांत हजारो कागद लिहिले आणि एकाही माणसानं मला खोटं पाडलं नाही.