एका हाताचा शर्ट

तिसऱ्या गाण्याच्या वरच्या सुरावर मैनेचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, आपण गावं म्हणून ती मुद्दाम थांबली. सगळं सभागृह तिची ती ओळ गायला लागलं आणि ती मंचाच्या मधोमध माइक लोकांकडे धरून हसत उभी राहिली. विंगेतून बघणाऱ्या टाचणीमावशीला मात्र कळलं. मैनेचे कपडे गेली कित्येक वर्षं मावशीच शिवत आली होती आणि दोन गाण्यांच्या मधल्या अंधारात तीच ते बदलून देत होती. बोलताना तिच्या ओठांत दोन-तीन टाचण्या असायच्याच, म्हणून हे नाव. त्या दिवशी मैना विंगेत आली तशी मावशीने टाचण्या काढून हातात घेतल्या आणि नुसतं विचारलं, "दुखतंय?"

मैनेने मान हलवली. दुखत नव्हतं, हीच तर भीती होती.

डॉक्टरांनी गळ्यात गाठी असल्याचं सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. "बोलायला काहीच अडचण येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"आणि गायला?"

"खालच्या पट्टीत गाता येईल."

मैनेची सगळी गाणी वरच्या पट्टीतली. तिला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं ते त्या वरच्या सुरासाठी. रेकॉर्ड कंपनीने फुलं पाठवली, मग काळजी घ्या असा निरोप पाठवला, मग काहीच पाठवलं नाही.

ती वडिलांकडे राहायला गेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील निवृत्त बस ड्रायव्हर. घरातही इस्त्रीचा शर्ट, कॉलरचं बटणसुद्धा लावलेलं. जन्मभर 'ड्रायव्हरशी बोलू नये' या पाटीखाली बसलेला माणूस, त्यामुळे घरी तसा अबोलच. पण डॉक्टरांनी मैनेला काही आठवडे एक शब्दही बोलू नको असं बजावलं होतं, आणि घरात कुणीतरी बोलायला तर हवं. मग वडीलच बोलायला लागले. आधी भाजी निवडता निवडता, मग जेवताना. कुठल्या वळणावर कोण हात दाखवायचं, धुक्यात रस्ता कसा ओळखायचा, आई पहिल्यांदा त्यांच्या बसमध्ये चढली तेव्हा उतरायचं विसरली होती ते. मैना ऐकायची. इतकी वर्षं लोक तिचं ऐकत होते. ऐकण्यात एवढी मजा असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

आवाज परत आला तो थोडा जाड, जरा उबदार. त्याच सुमारास एका वाहिनीच्या निर्मातीचा फोन आला. सकाळचा गप्पांचा कार्यक्रम होता, निवेदिका हवी होती.

"मी गाणारी बाई. गप्पा काय मारणार?" मैना वडिलांना म्हणाली.

"लहानपणी तुझं तोंड बंद करायला मला बस थांबवावी लागायची," वडील म्हणाले. "जा. नाही जमलं तर घर आहेच."

सुरुवातीला खरंच जमलं नाही. ती प्रश्न असे फेकायची जणू समोर हजार माणसं बसली आहेत. पाहुण्याचं बोलणं संपायच्या आत पुढचा प्रश्न तिच्या तोंडाशी तयार. लोकांनी लिहिलं, आवाज गेला म्हणून आता इथे आली. तिने ते वाचलं आणि जेवली नाही. निर्माती मोकळ्या स्वभावाची होती. तिने एकदा मेकअपच्या खोलीत मैनेच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तू विचारतेस छान. पण उत्तराच्या वेळी तू घरी नसतेस."

त्याच आठवड्यात एक माळी कार्यक्रमात आला होता. शाळेच्या बागेत त्याने आयुष्य काढलं होतं. बायकोचा विषय निघाला आणि तो बोलता बोलता अडला. कानातल्या यंत्रातून निर्मातीचा आवाज आला, "पुढे चल, पुढे चल." मैना पुढे गेली नाही. ती वडिलांसमोर बसायची तशी नुसती बसून राहिली. कॅमेरा चालू, सगळे चिडीचूप. मग माळी हळूच म्हणाला, "तिला झेंडू आवडायचा नाही. मी मात्र लावायचो. आता लावत नाही." कार्यक्रम संपल्यावर कॅमेरावाला डोळे पुसत होता आणि वर म्हणत होता की धूळ फार आहे इथे.

तिथून मैनेची गाडी रुळावर आली. लोक आता तिचं ऐकणं बघायला लागले, असं निर्माती म्हणायची. एका अत्तराच्या कंपनीने बाटलीवर तिचं नाव छापायचं ठरवलं आणि ती विचार करते म्हणाली.

तो विचार अर्धवटच राहिला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला, बोलणंही परत आलं, पायही काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात तेवढा रुसला तो रुसलाच. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मैना शर्टाची बटणं लावायला पुढे झाली, तर वडिलांनी डाव्या हाताने तिचा हात बाजूला केला.

"बटणं लावायला तुला मी शिकवलं," ते म्हणाले.

"मग मीच लावते ना."

"नको, पोरी."

त्यांनी शर्टच घालायचं सोडलं. डोक्यातून चढवायचा बनियनसारखा टीशर्ट घालून ते खिडकीत बसायचे. डेपोतले जुने सोबती रोज संध्याकाळी समोरच्या चहाच्या दुकानात जमायचे, त्यांचं हसणं वर ऐकू यायचं. वडील खाली जात नव्हते. सोबत्यांनी वर यायचं म्हटलं तर झोपलोय म्हणून सांगायला लावायचे. एकदा मैनेने विचारलं तेव्हा म्हणाले, "गंजीफ्रॉकवर का जायचं चारचौघांत?"

मैनेने यावर बरंच डोकं चालवलं. उत्तर मिळालं ते मेकअपच्या खोलीत. आरशासमोर बसली असताना समोरच्या पडद्यावर तिच्या एका जुन्या कार्यक्रमाचं चित्रण चालू होतं. एका गाण्यात ती बटणांचा मोठा कोट घालून होती आणि दिवे गेले-आले एवढ्यात तो कोट नाहीसा होऊन खालचा झगमगता झगा दिसत होता. बटणं होती, पण नुसती वरून टाचलेली. आत वेल्क्रो होता. एक झटका दिला की कोट मावशीच्या हातात.

कार्यक्रम आटोपून ती तशीच, चेहऱ्यावरचा रंग न पुसता, टाचणीमावशीकडे गेली. मैनेचं गाणं थांबलं तसं मावशीचंही काम थांबलं होतं. ती आता लोकांचे पडदे शिवायची. पुढच्या खोलीभर कुणाचे तरी निळे पडदे पसरलेले होते.

"बस कुठेतरी. पडद्यावर बसू नकोस," मावशी टाचण्यांतून म्हणाली. मैनेने सगळं सांगितलं. मावशीने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"तुझा कोट काढायचा होता, तोही झटक्यात," ती म्हणाली. "यांना घालायचाय, तोही डाव्या हाताने, सावकाश. उलटं काम आहे सगळं. त्यांचा एक जुना शर्ट आण. आवडता आण, नाहीतर नवा म्हणून बघणारसुद्धा नाहीत."

पहिला शर्ट फसला. वेल्क्रो कडक होता, छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखा दिसायचा आणि उघडताना एवढा चर्रकन आवाज करायचा की शेजारणीने काय फाटलं म्हणून विचारलं. दुसऱ्यात मावशीने मऊ, बारीक तुकडे लावले, कॉलरला लोहचुंबकाचं टिचबटण दिलं आणि वरून जुनीच बटणं काजांसकट टाचून टाकली.

वडिलांनी शर्ट उलटापालटा केला. "हा नाटकाचा शर्ट आहे."

"हो," मैना म्हणाली. "मी असल्याच कपड्यांत मोठी झाले."

ते शर्ट घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. मैना आणि मावशी बाहेर उभ्या. आतून काठी पडल्याचा आवाज आला तशी मैना पुढे झाली, मावशीने तिचा दंड धरला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. शर्ट वरपर्यंत लावलेला होता. कॉलरसुद्धा.

"बाहेर जाऊन येतो," वडील म्हणाले, जणू रोजचंच आहे.

दोघी खिडकीतून बघत राहिल्या. चहाच्या दुकानात एकदम खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. मावशीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "डावी बाही जरा लांब झालीये."

महिन्याभरात डेपोतल्या आणखी तिघांचे शर्ट मावशीच्या यंत्रावर होते. कुणाची बोटं संधिवाताने वाकडी, कुणाचा हात थरथरणारा. मग कुणाच्या बहिणीचा ब्लाउज आला, कुणाच्या सासऱ्यांचा कोट. मैनेने अत्तरवाल्यांना नाही म्हटलं आणि एक बंद पडलेलं छपाईचं दुकान भाड्याने घेतलं. मावशी भागीदार. "मला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही," मैना म्हणाली. "मला तरी कुठे कळतं," मावशी म्हणाली, "पण पडदे शिवून वीट आलाय."

निर्माती म्हणाली, "वडिलांना कार्यक्रमात आण. ही जाहिरात नाही, गोष्ट आहे. देश रडेल."

मैनेने घरी विचारलं. वडील म्हणाले, "म्हणजे मी तिथे सगळ्यांसमोर शर्ट काढून दाखवायचा?"

"नाही, बाबा."

"मग काय दाखवायचं? हात?"

मैना त्यांच्या शेजारी बसली. "काही नाही दाखवायचं. मी नको म्हणून सांगते."

तिने खरंच नको म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. निर्माती थोडी नाराज झाली. दुकान आपल्या चालीने चाललं होतं, जेमतेम. एका खेपेच्या कपड्यांची शिवण धुतल्यावर सुटली, तो सगळा माल परत घ्यावा लागला. मैना सकाळी दिव्यांखाली हसायची आणि दुपारी उसवायला बसायची.

मग एका सकाळी, पाहुण्याने ऐन वेळी येणं रद्द केलं म्हणून स्टुडिओत धावपळ चालली असताना, दरवाजावर तिचे वडील उभे. एकटे, दोन बस बदलून आलेले.

"पाहुणा येणार नाही म्हणून तू घरातून निघताना फोनवर ओरडत होतीस," ते म्हणाले. "मला ऐकू येतं अजून."

"बाबा, तुम्हाला नको होतं ना."

"तेव्हा तू विचारलं होतंस म्हणून नको होतं. आता माझं मी आलोय."

ती त्यांच्यासमोर बसली. दिवे लागले. तिने पहिला प्रश्न विचारला, बस चालवण्याबद्दल, आणि वडील खुलले. धुकं, वळणं, आई उतरायला विसरली ते. सेटवरचे सगळे हसले. मग ते थांबले. मैनेला वाटलं, शब्द अडला असेल. तिने वाट पाहिली.

"मी काही महिने घरातून बाहेर पडलो नव्हतो," वडील कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाले. "आजाराने नाही. शर्टाच्या बटणांमुळे. एवढीशी गोष्ट. लाज वाटायची सांगायला. माझ्यासारखा कुणी खिडकीत बसला असेल, तर त्याच्यासाठी सांगतो. हा शर्ट मी स्वतः घातलाय."

त्यांनी काही काढून दाखवलं नाही, हात वर केला नाही. मैनेने टेबलावरून हात पुढे केला, त्यांनी डाव्या हाताने तो धरला, आणि निर्मातीने यंत्रातून काही सांगितलं नाही.

त्यानंतर दुकानाचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. आणखी दोन यंत्रं आली, शिवायला माणसं आली. वडील दुपारी येऊन बसायचे. प्रत्येक नमुना आधी डाव्या हाताने लावून बघायचे आणि पसंत नसेल तर मावशीला सरळ सांगायचे.

"साहेब, हा बायकांचा ब्लाउज आहे," मावशी म्हणायची.

"मग? टिचबटण कडक आहे ते कडक आहे."

एका दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. बाईंची बोटं आखडलेली होती. त्यांनी मैनेला ओळखलं नाही.

"तुम्ही आधीपासून हेच करता का हो?" त्यांनी मापं देता देता विचारलं.

"नाही. आधी गायचे."

"मग?"

"मग आवाज बदलला. आता सकाळी टीव्हीवर गप्पा मारते आणि दुपारी इथे असते."

"बरं आहे की," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे माणसं भेटतात."

मावशीने एक तयार झगा आणून दिला. बाई आडोशाला गेल्या नाहीत, अंगातल्या कपड्यावरच त्यांनी तो चढवला. एक बाही, मग दुसरी. पुढची पट्टी जुळवायची वेळ आली तसे आजोबा नकळत पुढे झाले. दोन्ही हात नेमके बायकोच्या गळ्यापाशी पोचले, रोजच्या सवयीने. पण पट्टी लागलेली होती. बाईंनी तळहाताने ती वरून खालपर्यंत दाबली आणि आरशात बघितलं.

आजोबांचे हात तसेच हवेत राहिले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. त्यांनी एक खिशात घातला, परत काढला.

बाईंनी आरशातूनच ते पाहिलं. वळल्या, नवऱ्याचे हात धरून स्वतःच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "इथे असू देत. मागून कसा दिसतो ते सांगा."

"चांगला दिसतो," आजोबा म्हणाले. ते मागे गेलेच नव्हते.