गची काठी

मायक्रोस्कोपखाली सगळं उलटं दिसतं. काच डावीकडे सरकवली की आतलं चित्र उजवीकडे पळतं. लॅबच्या प्रशिक्षणाला आल्यावर सुरुवातीला माझी बोटं चुकायची, मग हातांना सवय झाली. म्हणून व्हिडिओ कॉलवर मुंगीला दाखवायला पाटी उचलली आणि मी काढलेला ग मलाच स्क्रीनवर उलटा दिसला, तेव्हा मी मुळीच गडबडले नाही. पाटी पुसली. ग मुद्दाम उलटा काढला. आधी काठी, मग तिच्या उजवीकडे आकडा. स्क्रीनवर तो शहाण्यासारखा सरळ उभा राहिला. शिक्षण असं कामाला येतं, असं स्वतःवरच खूश होत मी म्हणाले, "ग गवताचा."

मुंगी म्हणजे माझी लेक, साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. प्रशिक्षण वर्षभराचं, घर लांब, रजा मोजकी. संध्याकाळी तिचे बाबा कामावर असतात, म्हणून फोन लावून द्यायचं काम माझ्या नणंदेकडे. डब्याला टेकवलेल्या फोनसमोर मुंगी बसायची आणि आमचं बोलणं असं चालायचं :

"जेवलीस?"

"हो."

"आज काय केलंस?"

"काही नाही."

मग डबा घसरायचा, फोन आडवा व्हायचा आणि मला छताचा पंखा दिसत राहायचा. मुंगी कधीच पळालेली असायची.

अक्षरांनी तिला जागेवर बसवलं. जीभ बाहेर काढून, पेन्सिल मुठीत आवळून ती पाटीवर इतकी वाकायची की मला फक्त तिचा भांग दिसायचा. मी त्या भांगाकडे बघत बसायचे. तिची अक्षरं मला उलटी दिसत, पण फोन सगळंच उलटं दाखवतो हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

एके दिवशी नणंदेनं बालवाडीतल्या कागदाचा फोटो पाठवला. क, ग, म, प, सगळी पाठ फिरवून उभी. एकटा ठ तेवढा वाचला होता, कारण त्याला उलटं करायला जागाच नाही. बाईंनी विचारलं होतं, "घरी काही वेगळं जाणवतं का हिचं?"

त्या दुपारी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही. उलटी अक्षरं काढणाऱ्या मुलांबद्दल इंटरनेटवर मिळेल ते वाचत सुटले. मुंगी चपला उलटसुलट घालते, ते आठवलं. त्यावर मी हसले होते, तेही आठवलं. मन चिंती ते वैरी न चिंती.

संध्याकाळी सासूबाई फोनवर आल्या. "हे बघ, तुला कोणी दोष देत नाही. पण तू तिथे, पोर इथे. फोनवरून आंघोळ घालता येते का? तसंच हे. अक्षरांचं राहू दे आता."

"आजचा एक दिवस," मी म्हणाले. "ती कशी काढते ते मला नीट बघू दे."

नणंद मुंगीच्या शेजारी बसली. मी पाटीवर ग काढला. "मुंगी, अगदी माझ्यासारखा काढ हं."

नणंद स्क्रीनजवळ आली. डोळे बारीक केले. मग अशी हसत सुटली की फोन पडला आणि मला पंखा दिसायला लागला.

"वहिनी! अगं, उलटा तूच काढतेयस!"

"तुला तसा दिसतोय. मला सरळ—"

"तुझी तू तुला आरशातल्यासारखी दिसतेस. आम्हाला नाही! थांब, पाठवते."

तिनं तिच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. मागे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, पुढे मी, हातात उलटा ग, आणि चेहऱ्यावर हे एवढं कौतुक.

पोरीला काहीही झालं नव्हतं. मी दुपारचा डबा उघडला आणि जेवायला बसले. उशिरा नवऱ्याचा निरोप आला : "पावलं तरी सरळ आहेत ना तुझी? एकदा बघून घे."

सासूबाई हसल्या, पण निकाल बदलला नाही. आता तिची आत्या आणि बाई मिळून अक्षरं सुधारतील. "उगाच घोळ नको. तू नुसतं बोलत जा तिच्याशी." त्यांचं बरोबर होतं. मी हो म्हणाले.

नुसतं बोलणं. जेवलीस? हो. काय केलंस? काही नाही. पंखा. त्याच्या एका पात्याला कडेला काळा डाग आहे. लॅबमध्ये काचा सरकवताना मला मध्येच तो भांग आठवायचा, थोडा वाकडा, नणंदेच्या हातचा.

मग एका संध्याकाळी कॉल लागला तेव्हा मुंगी आधीच मांडी घालून बसलेली होती. आवाज हुबेहूब बाईंचा.

"आई, पाटी घे."

"घेतली."

"ग काढ."

मी काढला. सवयीनं हात आधी काठीकडेच गेला.

"च् च्. चुकलं!" तिनं मान हलवली. "काठी या बाजूला. पूस. रडायचं नाही, सगळ्यांचं चुकतं."

मी पुसला, सरळ काढला. तिनं डोकं तिरकं करून बराच वेळ पाहिला.

"वाकडाय जरा. उद्या परत घेते."

उद्या. हा शब्द आजवर मीच म्हणत आले होते. फोन ठेवताना, पंख्याला उद्देशून.

दुसऱ्या दिवशी मी ग मुद्दाम चुकवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ग बरोबर काढला आणि म चुकवला. जेवणाच्या सुट्टीत आता मी रद्दी कागदावर सराव करते. चूक खरी वाटली पाहिजे, रोज नवी पाहिजे, आणि इतकीही नको की माझ्या या छोट्या बाई कंटाळतील. परवा मी प पाठ फिरवून काढला, तेव्हा मुंगीच्या मागून नणंद वाकून बघत होती. तिनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार. तिनं घसरत चाललेला डबा नीट केला आणि फोन सरळ उभा करून ठेवला.

अजून बरीच अक्षरं शिल्लक आहेत. रजा कधी मिळेल ते माहीत नाही. ठ मी सगळ्यात शेवटी ठेवलाय. तो चुकवायचा कसा, ते मला अजून सुचलेलं नाही.