सभेसाठी नेलेली गाडी

शाईच्या गादीवर टेकवलेला अंगठा ताईबाईने कागदापर्यंत नेला आणि मागे ओढला.

"आधी वाची दखाडा."

लीलाधर थबकला. अमळनेरच्या या कचेरीत तो वर्षभर लोकांचे अर्ज लिहीत होता. अंगठा देणारी माणसे वाचून दाखवा म्हणत नसत. त्याने घसा साफ केला.

"गावच्या पाटलाने अर्जदार बाईची बैलगाडी तिच्या मर्जीविरुद्ध तीन दिवस नेली. त्यात एक बैल लंगडा झाला. तरी योग्य ती चौकशी व्हावी."

"कोन्हासाठे नेली, ते कोठे शे?"

लीलाधर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागला.

ते १९३८ साल होते. शालिग्रामभाऊ आदल्या वर्षी असेंब्लीवर निवडून गेले आणि त्यांनी बाजारपेठेतल्या एका खोलीत कचेरी उघडली. कोणाच्या विहिरीचा तंटा असो, कोणाचा बंदुकीचा परवाना. अर्ज इथे लिहिला जाई आणि भाऊंच्या शिफारशीने पुढे जाई. पण भाऊंचे नाव झाले ते वेठ बंद करवल्यामुळे. साहेबाचा मुक्काम पडला की पाटील गावातल्या गाड्या फुकट जुंपायला लावी. भाऊंनी जळगावला खेटे घालून कलेक्टरांचा हुकूम आणला, की मालकाच्या मर्जीशिवाय गाडी न्यायची नाही. त्याच्या नकला लीलाधरनेच लिहून गावोगाव धाडल्या होत्या.

त्यातली एक ताईबाईने मागून घेतली होती. बोरी नदीकाठच्या गावात ती नवऱ्यामागे एकटीने शेत करी, स्वतः गाडी हाकी. ऐन वेचणीत कोतवाल गाडी न्यायला आला, तेव्हा तिने ती नक्कल पाटलासमोर धरली. पाटील हसला. म्हणाला, हा कागद साहेबासाठी आहे, भाऊ तर आपलेच. मग तीन दिवस तिच्या गाडीने भाऊंच्या सभेच्या खुर्च्या, सतरंज्या आणि पाहुणे वाहिले. नाल्याच्या उतारावर बैलाचा पाय गेला. इकडे शेतात उमललेला कापूस मातीत गळत राहिला.

"भाऊंना हे ठाऊकसुद्धा नसेल," लीलाधर हळू आवाजात म्हणाला.

"साहेबले तरी कोठे ठाऊक ऱ्हाये?"

बाकावर वाट पाहत बसलेल्या चौघांपैकी कोणीतरी खाकरले.

तेवढ्यात भाऊच आत आले. लीलाधरने कागद त्यांच्यापुढे केला आणि राहिलेले तोंडाने सांगितले. भाऊंनी सगळे उभ्यानेच ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, चूक झाली," ते म्हणाले. "पाटलाला बोलावून तुमच्यासमोर दटावतो. बैलासाठी गुरांचा डॉक्टर पाठवतो. मग तर झालं?"

ताईबाई जागची उठली नाही.

"पाटील काल साहेबनं आयके, आज तुम्हनं आयकस. मनं कव्हय आयकी? दटावनं नको माले. गाडी कोन्हासाठे नेली, ते कागदवर लिखा."

भाऊंनी खिडकीबाहेर पाहिले. पुढच्या महिन्यात लोकल बोर्डाची निवडणूक होती.

"माझ्याच कचेरीतून माझ्यावर अर्ज गेला, तर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. उत्तराची वाट न पाहता लीलाधरकडे वळले. "यांना नीट समजावून सांग." आणि ते बैठकीला निघून गेले.

लीलाधरने समजावून पाहिले. "भाऊंची शिफारस नसली, तर मामलेदार कचेरीत तुमचा अर्ज पडून राहील."

"पडू द्या. मी बी तठेच बसी ऱ्हासू."

तो आपण लिहिलेल्या कागदाकडे पाहत राहिला. अक्षर सुरेख आले होते. त्याने कागद उभा फाडला आणि कोरा ताव पुढे ओढला. या वेळी ती सांगत गेली तसे तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्याने आपण होऊन वाचायला घेतले. भाऊंच्या नावापाशी आवाज खाली आला.

"मोठ्यानं वाचा."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. बाकावरच्यांनाही स्पष्ट ऐकू गेली.

ताईबाईने अंगठा दाबून उमटवला. त्याखाली अर्ज लिहिणाऱ्याचे दस्तुर, म्हणजे नाव-सही असते. या कचेरीच्या अर्जांवर ती जागा मोकळी ठेवायची, असा भाऊंचा रिवाज होता. तिथे त्यांची सही येई. लीलाधरने त्या जागी आपले पूर्ण नाव घातले. शाई वाळेपर्यंत ताईबाई थांबली, अर्जाची घडी घालून ओच्यात खोवली आणि उन्हात मामलेदार कचेरीच्या दिशेने चालू लागली.

तासाभराने भाऊ परतले.

"गेली?"

"गेली."

"समजली ना?"

"नाही." लीलाधर उठून उभा राहिला. "मामलेदार कचेरीत गेली. अर्ज मी लिहून दिला, गाडी कोणाच्या सभेला नेली त्यासकट. खाली माझं दस्तुर आहे. मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

भाऊ खुर्चीवर बसले. बाकावरून एक म्हातारा उठला. शेजारच्या गावचा कौतिक. विहिरीच्या तंट्यासाठी सकाळपासून बसला होता. टेबलापाशी येऊन त्याने आधी लीलाधरकडे पाहिले, मग भाऊंकडे.

"विहीरनं राहू द्या आज," तो म्हणाला. "भाऊ, तुम्हनी सभाले मनी बी गाडी व्हती. इचारं नई कोनी."

लीलाधरने दुसरा ताव घेतला. टाक हातात धरून तो तसाच थांबला.

भाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या कोपरापाशी शाईची दौत होती, ती त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

"हळूहळू सांगा, कौतिकआबा," ते म्हणाले. "त्याला सगळं लिहायला वेळ लागतो."