बेचिराग क्रमांक चौदा

अप्पा गेले त्याच्या चौथ्या महिन्यात त्यांच्या पुस्तकाची प्रुफे घरी आली. खाकी पाकिटावर नाव त्यांचेच होते. पोस्टमनने दारातूनच हाक दिली, "सर हायेत का?" आणि मग स्वतःचीच जीभ चावून खाली बघत राहिला. त्यांच्या मुलीने, शिवकन्येने, सही केली, त्याला पाणी विचारले आणि पाकीट अप्पांच्या टेबलावर ठेवून दिले. दोन दिवस ते तसेच होते.

अप्पांनी, म्हणजे गुरुपाद सरांनी, बीडमध्ये चौतीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर बारा वर्षे ते एकच पुस्तक लिहीत बसले होते. मानवी भूगोल हा विषय कसा जन्मला, कोणाच्या हाती वाढला, कुठे चुकला आणि कसा शहाणा झाला, एवढेच त्यात होते. शिवकन्या पुण्याहून यायची तेव्हा आधीच्या वेळेचे पान या वेळी खोडलेले असायचे. ती म्हणायची, "अप्पा, आता संपवा." ते म्हणायचे, "विषय संपला तर संपवतो."

पुस्तक छापणारा अमरनाथ हा त्यांचाच विद्यार्थी. संभाजीनगरला त्याचे लहानसे प्रकाशन होते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"शिवकन्याताई, बाकी सगळं झालंय. फक्त नकाशा क्रमांक चौदा अडलाय. सरांनी त्यावरचा शब्द खोडलाय आणि नवा लिहिलाच नाही. सोमवारी छपाईला जायचंय."

"नकाशा गाळला तर?"

"सहावं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे. जुना शब्द ठेवून छापू का?"

"नको," ती एकदम म्हणाली. "तो शब्द नको. मी बघते."

तो शब्द तिला लहानपणापासून ठाऊक होता. बेचिराग. निजामाच्या काळापासून महसुलाच्या कागदांत चालत आलेला. ज्या गावात दिवा लावायलाही माणूस उरले नाही, ते गाव बेचिराग. एकोणीसशे ब्याऐंशीच्या पौषात तरुण गुरुपाद सर वस्त्यांचे सर्वेक्षण करत शिरूर कासारच्या डोंगराकडेला चिंचदऱ्याला पोचले. एकोणीस घरे, सगळ्यांना कुलपे, एका ओट्यावर आंधळी म्हातारी आणि एक शेळी. त्यांनी पावलांनी अंतरे मोजली, घरे काढली आणि खाली लिहिले, 'क्रमांक चौदा : बेचिराग'. या शब्दासकट त्यांना डॉक्टरेट मिळाली.

वीस वर्षांनी वर्गात तोच नकाशा फळ्यावर टांगला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, ते आमचं गाव हाय. बेचिराग न्हाई. समदे उसाला गेलते." वर्ग हसला. सरही हसले. पण त्या दिवशी त्यांना भाकरी गेली नाही. त्यांनी शब्द खोडून 'हंगामी वस्ती' असे केले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मोठ्या उमेदीने दाखवले. तो म्हणाला, "सर, आमी हंगामी न्हाई. ऊस हंगामी हाय."

तोही शब्द गेला. नकाशाच्या सूचीत वस्तीचे तीनच प्रकार होते, कायम, हंगामी आणि बेचिराग, आणि चिंचदरा तिन्हींत बसत नव्हता. अप्पा म्हणायचे, "एकदा जाऊन विचारलं पाहिजे." आधी लाज आडवी आली, मग गुडघे. गेल्या भाद्रपदात त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून मातीत ठेवले. तेव्हापासून शिवकन्येला ते तसेच दिसत. टेबलाशी बसल्यासारखे, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट बघत.

शनिवारी सकाळी तिने नकाशांची गुंडाळी घेतली आणि शिरूरची बस धरली.

बसमध्ये ऊन तिरपे आत येत होते. बाहेर ज्वारी पोटऱ्यात आली होती, तुरीचे वाळके पट्टे सरकत होते. मांडीवर प्रुफे घेऊन तिने वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता कधी डोळा लागायचा, कधी उघडायचा, त्यामुळे पुस्तकातला मुलूख कुठे संपतो आणि खिडकीतला कुठे सुरू होतो हे कळेना. पहिल्या प्रकरणातल्या पंडितांचे म्हणणे असे की जमीन आणि हवा माणसाला घडवते, उष्ण मुलखातली माणसे जात्याच आळशी. अप्पांनी तळटीप दिली होती, 'या विद्वानांनी माघातल्या भर दुपारी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई पाहिलेली नसावी.' शिवकन्या झोपेतच हसली. दुसऱ्या प्रकरणातले लोक मऊ होते. निसर्ग नुसत्या वाटा दाखवतो, कोणती धरायची ते माणूस ठरवतो, असे ते म्हणत. तिसऱ्यातले एकेका प्रदेशाचे बारीक वर्णन करत बसत, विणकाम करावे तसे. मग चौथ्यात आकडे आले. अप्पांचे तारुण्य त्या आकड्यांत गेले. बाजारपेठा षटकोनात मांडायच्या, माणूस जवळच्या बाजाराला जातो असे गृहीत धरायचे. अप्पांनी वडवणीच्या आठवडी बाजाराचा षटकोन काढला होता. तो काही केल्या जुळेना, कारण बाया जवळचा बाजार सोडून माहेरची माणसे भेटतील त्या बाजाराला जात. अप्पांनी लिहिले होते, 'माझ्या सूत्रात माहेर नव्हते.'

पाचव्या प्रकरणात पंडित लोकांशी बोलायला लागले होते. नकाशा कोण काढतो आणि त्यात कोण राहून जाते, असे विचारू लागले होते. आणि सहावे प्रकरण अडलेले. त्याचे नाव नुसते 'जागा'.

शिरूरला उतरून ती काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसली आणि फाट्यावरून चालत वर गेली. चिंचदरा तिच्यापुढे आला तो नकाशासारखाच. ओढ्याचे वळण आणि वळणाला धरून घरे. आता पत्रे होते, दोन स्लॅबची घरे होती, एक पाण्याची टाकी होती. पण कुलपे तशीच. उन्हात सगळे इतके निश्चल होते की आपण अप्पांच्या कागदावर चालतो आहोत, पाऊल जोरात टाकले तर फाटेल, असे तिला वाटले.

टाकीच्या सावलीत एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती आणि एक म्हातारा तिला शेंगा कशा फोडाव्यात ते सांगत होता.

"कोण पायजे?" म्हातारा म्हणाला. "मतदानाचं असंल तर पाडव्याला या. गाव ऊसतोडीला गेलंय."

"मतदानाचं नाही, बाबा. मी बीडहून आले. माझे वडील इथे एकदा नकाशा काढायला आले होते."

"नकाशावाले लई येत्यात," म्हातारी म्हणाली. "रस्ता काय येत न्हाई. बस, ताई. उन्हात का म्हनून उभी?"

म्हातारीचे नाव केशरबाई आणि म्हाताऱ्याचे गहिनीनाथ. ते तिचे दीर. कंबर गेली म्हणून ती तीन वर्षांपासून मागे राहिली होती, आणि ते मोतीबिंदूमुळे. "ह्यांला ऊस आन् बांबू एकच दिसतोय," केशरबाई म्हणाली. "परवा मलाच, सख्ख्या वैनीला, पावनी समजून रामराम घातला."

"तुला रामराम घातला ही माझी चूक झाली."

शिवकन्येने गुंडाळी सोडली. वाऱ्याने कागद उडत होते म्हणून घाईने वरचा धरला आणि म्हातारीपुढे पसरला. तिला विचारायचे एवढेच होते की अशा गावाला तुम्ही काय म्हणता. पण प्रश्न कसा मांडावा ते सुचेना. तेवढ्यात केशरबाईने शेंगांचे हात लुगड्याला पुसले आणि कागदावर बोट टेकवले.

"हे बद्रीनाथाचं. हे आमच्या सासूचं. हे माझं. मधी वाट. ह्या अंगाला अभिमन्यूचं, त्याच्या बायकोचं आन् माझं लई वाजायचं, तरी शेजार काय सुटला न्हाई."

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"वाचायचं काय त्यात? घरं हायेत न्हवं."

गहिनीनाथांनी डोळे कागदाला भिडवले. "आगं, हे इथलं न्हाई. इथं ओढा वाकडा हाय. ही रेघ सरळ येऊन वळलीय."

"त्यो ओढा न्हाईच. पाट हाय. कारखान्याच्या मागचा पाट." केशरबाईने वर पाहिले. "ताई, ह्या तर आमच्या कोप्या हायेत."

शिवकन्येने कागदाचा कोपरा उलगडला. खाली अप्पांचे तरुण, ताठ अक्षर होते. 'क्रमांक पंधरा : साखर कारखान्याजवळील मजुरांच्या झोपड्या. अनामिक. फेब्रुवारी १९८२.' तिने चुकून दुसराच नकाशा दाखवला होता.

तिने चौदा क्रमांक काढला. दोन्ही ट्रेसिंगच्या पातळ कागदावर होते. पंधरा खाली, चौदा वर ठेवून तिने ते सूर्याकडे धरले आणि हळूहळू सरकवू लागली. मोजमाप वेगळे होते, नेमके बसले नाहीत. पण ओढ्याचे वळण पाटाच्या वळणावर आले तसे घरामागे झोपडी दिसू लागली. पहिल्या घरामागे पहिली, दुसऱ्यामागे दुसरी. सगळ्यांची तोंडे उगवतीला. दीडशे कोसांवर उसाच्या पाचटाच्या कोप्या बांधतानाही कुणी कुणाची बाजू सोडली नव्हती. एका महिन्याच्या अंतराने अप्पांनी एकच गाव दोनदा काढले होते, आणि एकदा त्याला बेचिराग म्हटले होते आणि एकदा अनामिक.

"ते आलते तिथं," केशरबाई म्हणाली. "टोपीवाले. पावलं मोजत फिरायचे. आमी म्हनलं, ह्यांचं कायतरी हरवलंय. दोन दिवस बसून इचारलं. माणसं किती, बाया किती, मजुरी किती, काय खाता. समदं लिव्हलं."

"गाव नाही विचारलं?"

"त्यांच्याकडं छापील कागद व्हता. त्यात गावाचं नसंल."

नव्हतेच. तो तक्ता शिवकन्येने पाहिला होता. त्यात 'मूळ जिल्हा' एवढाच रकाना होता आणि अठरा ओळींत अठरा वेळा 'बीड' लिहिलेले होते.

"सांगायचं तरी, मावशी."

"न इचारता कसं सांगायचं? मास्तर मानूस. आमाला वाटलं, त्यांला ठावं असंल."

डोंगरावरून कुठल्या तरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या आणि त्या जवळ येत नव्हत्या की लांब जात नव्हत्या. मग शिवकन्येचे लक्ष पंधरा क्रमांकावरच्या एका चौकटीकडे गेले. बाकी सगळ्या झोपड्या भरीव, ही एकच ठिपक्याठिपक्यांची. शेजारी बारीक अक्षरात, 'रिकामी जागा. कारण अज्ञात.'

"आणि इथे, मावशी? इथे कोणी नव्हतं?"

केशरबाईने बोटाने घरे मोजली, दोनदा. "ती गंगासागरची. माझी चुलत जाऊ. त्या साली ती बाळंतपनाला मागं, माहेराला राहिलती, नवरा आमच्या कोपीत असायचा."

"मग तिथे दुसऱ्या कुणी कोपी का नाही घातली?"

आता म्हाताऱ्यालाच हसू आले. "तिची जागा व्हती न्हवं, ताई. ती न्हाई म्हनून जागा कुठं जाती? मुकादम वरडला, सरकून घाला, लांब पडतंय. आमी न्हाई सरकलो. मधून वारं यायचं लई."

"रातभर यायचं," केशरबाई म्हणाली. "तरी न्हाई सरकलो."

शिवकन्येने कागद मांडीवर घेतला. बीडच्या घरात अप्पांच्या टेबलाभोवतीची पुस्तके गेल्या आठवड्यात तिने खोक्यांत भरायला काढली होती. टेबल कुणाला द्यायचे तेही ठरले होते. तिने त्या ठिपक्यांच्या चौकटीवर तळहात ठेवला; ते टेबल आता जागचे हलवावेसे वाटेना. केशरबाईने तिच्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवले.

मग तिने अमरनाथला फोन लावला. टाकीजवळ रेंज होती.

"अमरनाथ, लिहून घ्या. नकाशा चौदा आणि पंधरा समोरासमोरच्या पानांवर छापा. चौदाखाली, 'चिंचदरा : घरे'."

"बरं. प्रकार? कायम की हंगामी?"

"प्रकार नाही. सूचीतले तिन्ही प्रकार काढा. पंधराखाली, 'चिंचदरा : माणसे'."

"पंधरा तर कारखान्याचा आहे, ताई. दोन नकाशांना एकच गाव? लोक म्हणतील छपाईची चूक."

"म्हणू द्या. आणि पंधरावर सरांनी 'रिकामी जागा. कारण अज्ञात' लिहिलंय, तिथे 'गंगासागरची जागा' करा."

"ह्या गंगासागर कोण? आधी कुठे उल्लेख नाही त्यांचा."

"नाही," शिवकन्या म्हणाली. "आता आहे."

"सरांना चाललं असतं?"

तिने ओढ्याच्या वळणाकडे पाहिले. "त्यांनी दोन दिवस या माणसांत बसून काढलाय तो नकाशा, अमरनाथ. फक्त विचारायचं राहिलं होतं."

"दोन्ही ट्रेसिंगवर तुमच्या हातानं लिहून पाठवा मग. सरांच्या अक्षराशेजारी टाइप बरा दिसणार नाही."

अप्पांचे नकाशाचे पेन तिच्या पिशवीत होते. गहिनीनाथांनी बसायचा लाकडी पाट आणून दिला. त्यावर कागद पसरून तिने आधी चौदावर लिहिले, मग पंधरावर. शेवटी ठिपक्यांच्या चौकटीशी आली तेव्हा केशरबाई पुढे सरकली आणि कागदाचा उडणारा कोपरा टाचेखाली दाबून बसली.

"गंगासागर म्हनून लिव्ह, गंगू नगं," ती म्हणाली. "गंगू म्हनलेलं तिला खपत न्हाई."

"कुठे असतात आता त्या?"

"वडवणीला, लेकीकडं. तिला दाखवीन म्हनते, छापून आल्यावर. फुगंल लई."

शिवकन्येने ते नाव सावकाश, एकेक अक्षर सुटे काढत लिहिले. तिचा 'ग' अप्पांसारखाच निघाला, उभी काठी थोडी डावीकडे झुकलेली. केशरबाईने बोट पुढे केले तसे गहिनीनाथ ओरडले, "हात लावू नगंस, पसरंल." मग शाई वाळेपर्यंत तिघेही कागदाभोवती बसून राहिली.